मदत हवी आहे: सोलापुरात चांगला काउन्सेलर कुणी सुचवाल का?

वडील अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात होते, तो बंद पडल्यापासून पार गप्प झालेत, झोप नाही, जेवण अर्धवट, आणि सकाळी अजून आईकडं डबा मागतात न् मग तो घेऊन दारातच बसून राहतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात पण नुसत्या गोळीनं भागणार नाही, कुणीतरी बसून ऐकून घेणारं पाहिजे. जाऊया म्हटलं की "मी काय येडा हाय का" (शेजारचे भर घालतात ते वेगळंच). १४४१६ वर टेलिमानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) मीच बोललो, फुकट आहे, मराठीत बोलतात, पण अप्पांना फोनवर जमत नाही. सात रस्ता किंवा जुळे सोलापूरकडं वयस्कर माणसाशी नीट बोलणारं कुणी माहितीय का, फी किती, आणि तुमच्या घरच्यांना पहिल्यांदा तयार कसं केलं ते पण सांगा ना.