धावल्यानंतर लघवीतून रक्त गेले आणि आपोआप थांबले. तरीही तपासणी करावी का?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वय 44 असून मी गेली काही वर्षे नियमित धावतो. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची तयारी म्हणून परवाच्या रविवारी यवतेश्वरचा घाट चढून वेगाने उतरलो. निघण्यापूर्वी लघवीला जाऊन आलो होतो आणि वाटेत पाणी फारसे प्यायलो नव्हतो. घरी आल्यावर पहिल्याच वेळी लघवी लालसर झाली आणि शेवटी बारीकशी गुठळीही पडली. जळजळ, ताप किंवा कंबरेतून कळ येणे यांपैकी काहीही नव्हते. संध्याकाळी रंग फिका पडला आणि मंगळवारपर्यंत लघवी नेहमीसारखी झाली.

बरोबर धावणाऱ्या मंडळींचे म्हणणे असे की, लांब पल्ल्याच्या धावण्यात हे होतच असते, त्याचा बाऊ करू नये. पत्नीचे म्हणणे मात्र असे की, रक्त दिसले म्हणजे डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. मी पूर्वी बरीच वर्षे सिगारेट ओढत होतो, हेही सांगणे आवश्यक वाटते. रंग गेल्यानंतर तपासणीला काही अर्थ उरतो का, आणि गेलोच तर नेमके काय तपासून घ्यावे?

मूत्रविकार_शल्यक

तपासणीला अर्थ निश्चितच उरतो. आपल्या सोबत्यांचे म्हणणे निराधार नाही, परंतु ते आपल्या बाबतीत लागू आहे हे अजून ठरायचे आहे.

धावल्यामुळे रक्त जाण्याची कारणे बऱ्यापैकी ठाऊक आहेत. मूत्राशय पूर्ण रिकामे असले की प्रत्येक पावलाच्या हादऱ्यासरशी त्याची मागची सैल भिंत तळाच्या भागावर आपटते आणि आतले अस्तर खरचटते. ब्लॅकलॉक या ब्रिटिश शल्यविशारदांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या मूत्राशयात दुर्बिणीने पाहून अशा समोरासमोर उमटलेल्या जखमांचे वर्णन 1977 साली प्रसिद्ध केले होते. दुसरे कारण मूत्रपिंडातले. जोराच्या व्यायामात रक्त स्नायूंकडे वळते, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तात्पुरता घटतो आणि गाळणीतून थोड्या तांबड्या पेशी निसटतात. शरीरात पाणी कमी असेल तर हे अधिक होते. रिकामे मूत्राशय, उतारावरचा वेग आणि कमी पाणी या तिन्ही गोष्टी आपल्याकडे होत्या. असे रक्त साधारणपणे 24 ते 72 तासांत थांबते.

अडचण अशी की, मूत्राशयाच्या कर्करोगातले रक्तही पुष्कळदा वेदनेशिवाय येते, एक-दोन दिवस दिसते आणि कोणत्याही उपचाराविना थांबते. मग काही आठवडे किंवा महिने काहीच दिसत नाही. रक्त थांबले एवढ्यावरून निदान होत नाही ते यामुळे, आणि रुग्ण उशिरा येतात तेही यामुळेच. मला हे कळकळीने सांगावेसे वाटते, कारण लवकर सापडलेली मूत्राशयातली गाठ बहुतेक वेळा लघवीच्या मार्गानेच, पोटावर चिरा न देता काढता येते. पंचविशीतल्या, कधीही तंबाखू न घेतलेल्या मुलाला फक्त लघवीची तपासणी पुन्हा करायला सांगून मी थांबलो असतो. आपले वय, पूर्वीचे धूम्रपान, डोळ्यांना दिसलेले रक्त आणि गुठळी पाहता मी तेवढ्यावर थांबणार नाही.

तीन दिवस पूर्ण विश्रांती घेऊन लघवीची रुटीन तपासणी आणि कल्चर (जंतुसंसर्ग आहे का हे पाहणारी तपासणी) करावे, रक्तदाब मोजून घ्यावा, मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे सांगणारे रक्तातील क्रिएटिनिन पाहावे आणि पोटाची सोनोग्राफी करावी. त्यानंतर मूत्रविकारतज्ज्ञांना भेटावे. सोनोग्राफीत मुतखडा किंवा मोठी गाठ दिसते, परंतु मूत्राशयातली लहान गाठ निसटू शकते. म्हणून ते दुर्बिणीची तपासणी आणि गरज वाटल्यास सीटी स्कॅन सुचवतील.

स्लाइड_आणि_भिंग

मी पॅथॉलॉजीत काम करते. वरील उत्तराला प्रयोगशाळेच्या बाजूने थोडी पुस्ती जोडते.

लघवीत बुडवायची पट्टी तांबड्या पेशी मोजत नाही, ती हिमोग्लोबिनमधल्या 'हीम' या घटकावर रंग बदलते. त्यामुळे पट्टीवर 'ब्लड' पॉझिटिव्ह आले तरी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात का, हे पाहणे अत्यंत महत्त्वाचे आहे. पेशी असतील तर रक्तस्राव आहे. पेशी नसतील तर दोन शक्यता मुख्यतः उरतात. एक म्हणजे तळपायाच्या सततच्या आघाताने रक्तवाहिन्यांतच तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन लघवीत उतरणे; जर्मनीत फ्लायशर यांनी 1881 साली लांब कूच करून आलेल्या एका सैनिकात याची नोंद केली होती. दुसरी म्हणजे स्नायू तुटून त्यांतले मायोग्लोबिन हे हीम असलेलेच प्रथिन लघवीत उतरणे, आणि ती जास्त धोक्याची आहे.

नमुना मधल्या धारेचा आणि ताजा असावा, शक्यतो तासाभरात तपासला जावा. लघवी पातळ असेल किंवा तशीच ठेवून दिली तर पेशी फुटतात आणि अहवाल फसवा येतो. पेशी वेड्यावाकड्या आकाराच्या असतील, लाल पेशींचे साचे (मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांत घट्ट होऊन त्यांचाच आकार घेतलेले पुंजके) दिसत असतील किंवा विश्रांतीनंतरही प्रथिने जात असतील, तर रोख मूत्रपिंडाकडे जातो आणि मूत्रपिंडतज्ज्ञांचा सल्ला लागतो. बीट खाल्ल्याने किंवा क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनमुळेही लघवी लालसर दिसते, मात्र आपल्याला गुठळी दिसली असल्यामुळे तो प्रश्न येथे उद्भवत नाही.

भरती_मैदान

मी विदर्भात पोलीस भरतीच्या मुलांचा सराव घेतो. मूळ प्रश्नकर्त्यांना ही बाब लागू नसली, तरी येथे वाचणाऱ्या तरुणांसाठी लिहितो. बरेच दिवस व्यायाम सुटलेला मुलगा पहिल्याच दिवशी ईर्ष्येने शेकडो बैठका मारतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या सुजून दगडासारख्या होतात, जिना उतरता येत नाही आणि लघवी गडद तपकिरी होते. हे स्नायू तुटल्याचे लक्षण असू शकते. येथे तीन दिवस वाट पाहणे घातक आहे. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रक्तातील सीपीके (तुटलेल्या स्नायूंतून रक्तात येणारे एन्झाइम), क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे, कारण मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या मनाने घेतल्यास मूत्रपिंडावरचा ताण आणखी वाढतो.

आमच्याकडे, विशेषतः गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पट्ट्यात, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक पुष्कळ आहेत. केवळ वाहक असलेल्यांच्या लघवीतूनही वेदनेशिवाय रक्त जाऊ शकते, आणि उन्हातल्या अतिश्रमात त्यांना स्नायू तुटण्याचा धोकाही अधिक असतो. म्हणून सराव सुरू करण्यापूर्वी सिकलसेलची चाचणी झाली आहे का, हे मी प्रत्येकाला विचारतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. तपासणीची वेळ ठरवतो आहे. तोवर धावणे पूर्ण बंद ठेवावे का? आणि पुढे धावताना मूत्राशय भरलेले ठेवायचे का?

मूत्रविकार_शल्यक

लघवीचा नमुना देईपर्यंत धावणे, दोरीवरच्या उड्या आणि सायकल बंद ठेवावी. चालण्यास हरकत नाही. सर्व तपासण्या निर्दोष आल्या तर पुन्हा धावता येईल. त्या वेळी निघण्याच्या अगदी क्षणी मूत्राशय रिकामे करू नये, अर्धा तास आधी जाऊन यावे आणि नंतर थोडे पाणी प्यावे, म्हणजे आत किंचित लघवी राहून भिंती एकमेकींवर आपटत नाहीत. तहानेनुसार पाणी पीत राहावे. बळेच लिटरच्या लिटर पिऊ नये, त्याने रक्तातील सोडियम घसरते. घाटाचे उतार काही आठवडे टाळावेत. पुन्हा रक्त दिसले तर आधीचे अहवाल चांगले आहेत म्हणून सोडून न देता पुन्हा दाखवावे, आणि गुठळ्यांमुळे लघवी अडली तर रात्र असली तरी तातडीच्या विभागात जावे.

अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी एखादी गोळी चालू असल्यास ती डॉक्टरांना अवश्य सांगावी, मात्र रक्त त्या गोळीमुळेच गेले असे मानून तपासणी टाळू नये. त्या दिवशीच्या लघवीचा मोबाइलवर फोटो काढलेला असेल तर तोही सोबत न्यावा. रंगाच्या तोंडी वर्णनापेक्षा त्याचा आम्हाला अधिक उपयोग होतो.