आधी राइड की आधी लाटा? शरदातल्या सहकुटुंब सुट्टीचा अनुभव धागा

उन्हाळ्याची झुंबड ओसरली की चार दिवसांत समुद्र आणि थीम पार्क दोन्ही उरकणारी कुटुंबं बरीच असतात. गर्दी कमी, हवा बरी, पाणी अजून कोमट. पण या दिवसांच्या स्वतःच्या खोड्याही आहेत. जाणकारांनी त्या इथे लिहाव्यात ही विनंती. ‘आम्ही गेलो, धमाल केली’ नको. काय करायचं, कधी, किती आणि कुठे फसतं तेवढंच लिहा. कुठल्याही किनाऱ्याला, कुठल्याही पार्कला लागू पडेल असं असू द्या.

पहिला प्रश्न मीच टाकतो: आधी काय?

~~~

आधी पार्क. कारण साधं आहे, कातडी आणि तळपाय.

समुद्रावर भाजलेल्या खांद्यांवर दुसऱ्या दिवशी राइडचा हार्नेस येऊन बसला की प्रत्येक वळणाला मूल कळवळतं. मोज्यात राहिलेली वाळू पॉलिश पेपरसारखी घासते आणि पार्कातल्या दिवसाला दहा-पंधरा हजार पावलं सहज होतात. दुपारपर्यंत टाचेवर फोड ठरलेला. बूट खाऱ्या पाण्यात भिजले असतील तर आणखी वाईट, मीठ ओल धरून ठेवतं आणि ओली कातडी लवकर सोलते. पार्काचे बूट किनाऱ्यावर न्यायचेच नाहीत, समुद्रासाठी वेगळे सँडल.

उलट क्रमात असा तोटा नाही. दमलेल्या पायांना वाळू चांगलीच.

~~~

वरच्याशी अर्धीच सहमत. शरदात क्रम हवामान ठरवतं, आपण नाही. जोराचा वारा असला की पार्कातल्या उंच राइड बंद होतात आणि विजांच्या हवेत मोकळ्यावरच्या जवळपास सगळ्याच. म्हणून तारीख बदलता येईल असं तिकीट घ्या आणि निदान दोन दिवस अदलाबदलीला मोकळे ठेवा.

समुद्राची गंमत अशी की आकाश निरभ्र असतानाही तो बिघडलेला असू शकतो. हजारो किलोमीटरवरच्या वादळाची लाट दोन-तीन दिवसांनी येऊन पोचते, इथे पान हलत नसतं. अंदाजात लाटेच्या उंचीशेजारी सेकंदात कालावधी दिलेला असतो, तो वाचायची सवय लावा. सहा सेकंदांची मीटरभर लाट म्हणजे जवळच्या वाऱ्याची खळबळ. चौदा सेकंदांची मीटरभर लाट खूप जास्त पाणी घेऊन येते, आणि मध्ये बराच वेळ शांतता असल्यामुळे माणूस गाफील राहतो. उत्तर अटलांटिकचा चक्रीवादळाचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात आणि त्याचा जोर साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात असतो, म्हणजे नेमका सुट्टीच्या तोंडावर.

~~~

जीवरक्षकांच्या बाजूने लिहिते.

शरदातला मोठा धोका लाटा नाहीत, रिकामी खुर्ची आहे. पाणी उन्हाळ्याइतकंच उबदार असतं, कारण समुद्र हळू तापतो आणि हळूच निवतो, पण पहारा हंगामाबरोबर संपतो. बऱ्याच किनाऱ्यांवर तो फक्त शनिवार-रविवारी राहतो किंवा दुपारीच उठतो. पहाऱ्याच्या तारखा आणि वेळा आधी पाहा, मग राहायची जागा ठरवा.

वर लाल, खाली पिवळा अशा आडव्या पट्ट्यांचे दोन झेंडे दिसले तर त्यांच्या मधोमध पोहायचं. झेंडे दिसत नसतील तर पहारा नाही असंच समजा. नारिंगी वाऱ्याची पिशवी फडकत असेल तर हवेचे तराफे, ट्यूब, गाद्या पाण्यात न्यायच्या नाहीत. जमिनीकडून वारा असला की किनाऱ्यालगत पाणी गुळगुळीत आणि निरागस दिसतं, आणि फुगवलेली गादी पोहणाऱ्या बापापेक्षा वेगाने आत जाते. तिच्यामागे पोहत जाणारेच बुडतात.

आता रिप करंट, म्हणजे किनाऱ्यावरून आत ओढणारा प्रवाह. लाटा फुटून आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या दांड्यातल्या खिंडीतून एका पट्ट्याने जातं. तो पट्टा ओळखायचा कसा? जिथे लाटा फुटत नाहीत तिथे. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत गल्ली, फेसाचे तुकडे आतल्या दिशेने सरकताना. नवख्या माणसाला हीच जागा मुलांसाठी सुरक्षित वाटते, हा सगळा घोळ आहे. पाण्यात उतरण्याआधी उंचवट्यावरून दहा मिनिटं नुसतं बघा, किनाऱ्याच्या पातळीवरून ही गल्ली नीट कळत नाही.

वेग बहुधा सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास, पण अडीच मीटरपर्यंतही मोजलेला आहे. त्या वेगाला ऑलिंपिकचा पोहणाराही हरतो. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. प्रवाह खाली खेचत नाही, लांब नेतो. उताणे तरंगा, हात वर करा, ओरडा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, फेसाच्या दिशेने पोहा. मुलाला वाचवायला जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जाऊ नये. बंद झाकणाचा रिकामा कॅन, बोर्ड, चेंडू, तरंगणारं काहीही बरोबर घ्या.

~~~

पोहण्याच्या कपड्यांचा रंग राहिला. निळा, पांढरा, राखाडी पाण्याखाली दिसेनासे होतात. झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी घ्या. पार्कातही हाच उपयोगी.

~~~

भरती-ओहोटीबद्दल थोडं, कारण शरदात ती जास्त नडते.

विषुवदिनाच्या आसपास (उत्तर गोलार्धातला शरद २२-२३ सप्टेंबर, दक्षिणेतला २०-२१ मार्च) अमावास्या-पौर्णिमेला येणारं उधाण वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतं. त्या दिवसांत ओहोटीला अफाट वाळू उघडी पडते, कुटुंबं लांबवर जाऊन पसरतात आणि परत येणारं पाणी मागच्या चराने येऊन वाट तोडतं.

जिथे दिवसाला दोनदा भरती येते तिथे बारा हिश्शांचा हिशोब धरा. सहा तासांत पाणी १, २, ३, ३, २, १ अशा हिश्शांनी चढतं. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं. ओहोटी-भरतीतला फरक ४ मीटर असेल तर या दोन तासांत २ मीटर. पहिल्या तासात ‘पाणी हलतच नाहीये’ असं वाटतं, फसायचं ते इथेच. लहान मुलांना ओहोटीच्या आधी दीड तास ते नंतर एक तास न्या आणि तिसरा तास लागायच्या आत बाडबिस्तरा मागे घ्या. रोज हे वेळापत्रक सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतं. काल अकराला जमलं म्हणून आज अकराला जाऊ नका.

वाळूत खड्डा घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या गुडघ्याइतकाच. त्याहून खोल खड्ड्याची भिंत इशारा न देता ढासळते, आणि कोरडी वाळू उपसावी तितकी पुन्हा आत येते. निघताना बुजवा.

~~~

पार्कात शरदातल्या आडवारी गर्दी नसते हे खरं, पण रांग नसते हे खरं नाही. राइड चालवण्याचा हिशोब सांगतो.

समजा रोलर कोस्टरच्या गाडीत २४ जागा आहेत. दोन गाड्या असल्या की एक फिरत असते तेव्हा दुसरी भरते. दर दोन मिनिटांनी एक सुटली तर तासाला ३० फेऱ्या, ७२० माणसं. मंदीच्या दिवसांत पार्क एक गाडी काढून ठेवतं, तिची वार्षिक दुरुस्ती याच काळात निघते. आता फिरून यायला अडीच मिनिटं, उतरणं, चढणं, पट्टे तपासणं यात दीड. चार मिनिटांना एक फेरी, तासाला ३६०. रांगेत २४० माणसं असतील तर वीस मिनिटांऐवजी चाळीस. रांग तेवढीच लांब, वेळ दुप्पट. म्हणून रांगेची लांबी बघू नका. फलाटावरून किती वेळाने गाडी सुटते ते घड्याळावर मोजा आणि फलाटावर दुसरी गाडी उभी आहे का ते बघा.

एकच गाडी चालणाऱ्या आणि कमी माणसं नेणाऱ्या राइड (एकेकटा डबा फिरणाऱ्या, छोट्या मुलांच्या) दार उघडल्यावरच्या पहिल्या तासात. मोठ्या बोटीतल्या किंवा न थांबणाऱ्या सरकत्या पट्ट्यावरून बसायच्या राइड दुपारी, त्या कितीही माणसं गिळतात. जेवण अकराला नाहीतर अडीचनंतर.

अजून दोन शरदी भानगडी. काही पार्क या ऋतूत ठराविक वारीच उघडतात. काहींत संध्याकाळी वेगळ्या तिकिटाचे भुताखेतांचे खेळ असतात आणि दिवसाच्या तिकिटवाल्यांना लवकर बाहेर काढतात. तो दिवस लवकर झोपणाऱ्या लेकरांच्या घरांनी मुद्दाम निवडावा, दिवसाची गर्दी त्यामुळे कमी असते. आणि थंड सकाळी कोस्टर जरा सुस्त धावतो. बेअरिंगमधलं ग्रीस घट्ट असतं, चाकं गार असतात. तीच राइड दुपारी तीनला जास्त जोरात पळते. घाबरट माणसाला सकाळी बसवा.

~~~

उंचीची अट दोन सेंटिमीटरनी हुकत असेल तर सोडतात का? जाड तळव्याचे बूट चालतात का?

~~~

नाही आणि नाही. उंचीची रेघ वय बघायला नसते, पकड बसते की नाही ते बघायला असते. बार मांडीवर नेमका कुठे येतो, हार्नेस खांद्याला टेकतो की कानाला, पाय टेकून आधार घेता येतो का, हे सगळं त्या सेंटिमीटरमध्ये आहे. बुटात पॅड घालून पोराची उंची वाढते, धड वाढत नाही.

दोघांत एकच आडवा बार असेल तर तो जाड मांडीवर थांबतो आणि शेजारच्या बारक्याच्या मांडीवर चार बोटं पोकळी राहते. चालकाने बसायची बाजू सांगितली तर ऐका. शक्य असेल तिथे प्रत्येकाला स्वतंत्र बार असलेली राइड निवडा.

घरी बूट घालून मूल मोजा आणि जायच्या आधीच काय मिळणार नाही ते त्याला सांगा. दारातली रडारड वाचते. धाकट्याला घेऊन एकाने बाहेर थांबायचं आणि मग पुन्हा रांग न लावता पालकांनी अदलाबदल करायची, अशी सोय बऱ्याच पार्कांत आहे. ती रांगेच्या तोंडाशीच सांगावी लागते, फलाटावर पोचल्यावर उशीर होतो. पेसमेकर, गर्भारपण, मानेचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांत फलकावरची सूचना अक्षरशः पाळा.

~~~

मळमळ. दोन ते बारा वयाची मुलं यात सर्वांत कच्ची. डोळे एक सांगतात, कानातला तोल दुसरं. पडद्यावरच्या हलत्या राइडमध्ये नजर पडद्याच्या कडेला किंवा समोरच्या सीटच्या पाठीवर ठेवायची. डोळे मिटले तरी चालतं. साध्या कोस्टरमध्ये उलट, डोळे उघडे आणि रुळावर पुढे. गाडीच्या मधल्या रांगा सर्वांत सौम्य, शेवटच्या डब्याला उताराचा हिसका जास्त. रिकामं पोट आणि तुडुंब पोट, दोन्ही वाईट. दोन गरगरणाऱ्या राइड पाठोपाठ नकोत. गोळी द्यायचीच तर वय-वजन सांगून डॉक्टरांना विचारून, राइडच्या आधी अर्धा-एक तास. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी बाहेर येते, बस.

~~~

उन्हाचं क्रीम सगळेच कमी लावतात. पूर्ण अंगाला मोठ्या माणसाला ३० मिलि तरी लागतं, लहानाला साधारण निम्मं. दोन मोठे, दोन लहान अशा चौघांना एका वेळी ९० मिलि, म्हणजे ५० मिलिची चिमुकली बाटली एका लावण्यालाही पुरत नाही. बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं, मग दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर. कानांच्या पाळ्या, पावलांची वरची बाजू आणि केसांचा भांग विसरतात. हवा गार आहे म्हणून ऊन कमी असं नसतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला सावलीच.

जेलीफिश डसला तर: गोडं पाणी नको, चोळणं नको, लघवी तर मुळीच नको. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग ४०-४५ अंश गरम पाण्यात वीस मिनिटं तरी बुडवा. पाणी आधी स्वतःच्या, न डसलेल्या हातावर तपासा. व्हिनेगर काही जातींवरच चालतं, तिथल्या जीवरक्षकाला विचारा. धाप लागली, चेहरा सुजला तर थेट आपत्कालीन मदत.

~~~

थंडीचं कुणी लिहिलं नाही. हवेपेक्षा पाणी शरीरातली उष्णता वीसहून अधिक पट वेगाने ओढून नेतं, आणि अंगापिंडाने बारीक मुलं आधी गारठतात. ओठ निळसर झाले की पाण्याबाहेर, ‘अजून पाच मिनिटं’ नाही. आधी ओला वरचा कपडा काढायचा, पुसायचं, कोरडं घालायचं, टोपी चढवायची, मग खालचा. सगळे नेमकं उलट करतात आणि मूल वाऱ्यात उघडं कुडकुडत राहतं.

उजेडही झपाट्याने आटतो. ४५ अक्षांशाच्या आसपास विषुवदिनाच्या सुमारास दिवस रोज तीनेक मिनिटांनी लहान होतो. आठवड्याच्या सुट्टीत वीस मिनिटं गेली.

~~~

बाबागाडी वाळूत ढकलायची नाही, पाठमोरं होऊन ओढायची. ढकलली की पुढची लहान चाकं रुततात. रात्री चाकं गोड्या पाण्याने धुवून कोरडी केली नाहीत तर मीठ बेअरिंग धरतं आणि पार्कात दिवसभर किरकिर ऐकावी लागते. कॅमेऱ्याची काच कोरड्या फडक्याने पुसू नका. आधी फुंकर, मग ओलसर फडकं, नाहीतर मिठाचा कण ओरखडा काढतो. पायाची वाळू झटकायला कॉर्नस्टार्च उत्तम, पण पाय आधी पूर्ण कोरडे हवेत.

पार्काच्या दारात दर सकाळी मुलांचा उभा फोटो काढून ठेवा. हरवल्यावर ‘आज कुठला शर्ट होता?’ हे एकालाही आठवत नाही. फोन नंबर हाताच्या आतल्या बाजूला पेनाने, वर पारदर्शक पट्टी.

~~~

‘आधी पार्क’ म्हणणारीच पुन्हा. हवामानाचा मुद्दा मान्य, लाटेच्या कालावधीचाही. त्यात एक भर: समुद्र शेवटी ठेवला तरी परतीच्या दिवशी पोहायचं नाही. ओले कपडे बॅगेत बंद झाले की घरी पोचेपर्यंत कुबट होतात, आणि खारट केसांनी लांबचा प्रवास मुलं करू देत नाहीत. त्या दिवशी ओहोटीच्या वेळेला नुसतं चालून यायचं, पायात सँडल, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शिंपले वेचायला परवानगी आहे का ते फलकावर बघा, आणि आत खेकडा नाही ना ते उलटं करून बघा.