विषय: जूनअखेर यलोस्टोन, लहान मुलं आणि सासूबाई सोबत, मुक्काम कुठे करावा?

नमस्कार मंडळी,

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कला निघतोय. हाताशी पाच रात्री आहेत. थोरला आठ वर्षांचा, धाकटी अडीच, आणि यंदा सासूबाई इकडे आल्यात. त्यांना जिने चढवत नाहीत. नवऱ्याचं म्हणणं, पार्कच्या उत्तर दाराशी गार्डिनरला स्वयंपाकघरासकट घर घेऊ आणि रोज तिथूनच फिरू. मला पार्कच्या आत राहायचंय, पण तिथलं जवळजवळ सगळं भरलेलं दिसतं. ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या उसळत्या कारंज्याशेजारच्या ओल्ड फेथफुल इन हॉटेलात एक खोली मिळतेय, पण बाथरूम सामायिक आहे. घेऊ का? मुलांना घेऊन जाऊन आलेल्यांनी जरूर लिहा.

---

उत्तर:

अगं, पाचही रात्री गार्डिनरला राहू नका. गाव छान आहे, घरंही चांगली मिळतात, पण आधी नकाशा समोर घे. पार्कमधला मुख्य रस्ता इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आहे, एकूण १४२ मैल. वेगमर्यादा जास्तीत जास्त ताशी ४५ मैल, बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी. गार्डिनरहून ओल्ड फेथफुल साधारण ५६ मैल. रस्त्यात बायसनचा कळप उभा राहिला तर तो हलेपर्यंत तुम्हीही उभे. तेवढंच अंतर संध्याकाळी परत, आणि अडीच वर्षांची पोर कारसीटमध्ये. उत्तरेकडच्या भागासाठी मात्र गार्डिनरसारखी जागा नाही: मॅमथचे गरम झरे पाच मैलांवर, आणि पहाटे लामार व्हॅलीत लांडगे पाहायला जायचं तर तिथूनच निघावं.

मी तुझ्या जागी असते तर पहिल्या दोन रात्री वेस्ट यलोस्टोनला काढल्या असत्या. ते पश्चिम दाराबाहेरचं गाव. स्वयंपाकघर असलेली घरं मिळतात, ओल्ड फेथफुल तीसेक मैल आणि ग्रँड प्रिझमॅटिक हा रंगीत गरम पाण्याचा झरा त्याच वाटेवर. पुढच्या तीन रात्री आत, कॅन्यन व्हिलेजला. तिथून नॉरिसचे गरम झरे १२ मैल, सरोवराकाठची लेक ही वस्ती १६ मैल, आणि प्राण्यांसाठी प्रसिद्ध असलेली हेडन व्हॅली अगदी जवळ.

आत राहण्याचे जास्तीचे पैसे कशासाठी मोजायचे, तर दुपारसाठी. हे मला फार मनापासून सांगायचंय, कारण खोलीचे फोटो आणि भाडं बघताना कोणी याचा विचारच करत नाही. ओल्ड फेथफुल, नॉरिस, ग्रँड प्रिझमॅटिक, सगळीकडचं पार्किंग अकरा ते तीनच्या दरम्यान तुडुंब असतं. ऊनही तेव्हाच आणि मुलांची चिडचिडही तेव्हाच. प्राणी दिसतात ते पहाटे आणि संध्याकाळी. आत राहणारा माणूस सहाला मुलांना नाइटसूटवरच गाडीत घालतो, हेडनमध्ये बायसन दाखवतो, एखादं ठिकाण बघून जेवायला खोलीवर येतो. धाकटी झोपते, आजी पाठ टेकतात, आणि चारनंतर सगळे ताजेतवाने होऊन पुन्हा बाहेर. जूनअखेर नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिवसाचे सरळ दोन दिवस होतात. बाहेर राहणाऱ्याला दुपारी परत येणं परवडत नाही. मग मुलं गाडीत झोपतात आणि आई-बाबा पार्किंगमध्ये बसून राहतात.

ती सामायिक बाथरूमची खोली घेऊ नकोस. इन १९०४ सालचं आहे आणि लाकडाचं ते काम बघण्यासारखं आहे, पण लॉबीत सगळ्यांनाच जाता येतं. तिथल्या दगडी फायरप्लेसपाशी निवांत बसा, वरच्या गच्चीतून कारंजं बघा. रात्री दोनला मात्र धाकटीला कडेवर घेऊन कॉरिडॉर ओलांडायचा आणि सासूबाईंनाही तेच करायला लावायचं, हे नको. पार्कमधल्याच रूझवेल्ट लॉजच्या रफरायडर केबिनचंही तसंच. आत लाकडाची शेगडी आहे, बाथरूम नाही. मुलं मोठी झाली की मजा येईल.

आता खोली मिळवायची कशी? आतली सगळी लॉजेस झँटेरा ही एकच कंपनी चालवते आणि बुकिंग साधारण वर्षभर आधी उघडतं. पण लोक रद्दही करतात, म्हणून रोज सकाळी बघत जा. तीन रात्री एकदम शोधू नकोस, एकेक रात्र शोध. सलग मागितलं की मधली एक भरलेली असली तरी सगळंच "उपलब्ध नाही" दिसतं. दुसऱ्या साइटवर नावात "यलोस्टोन" दिसलं तर आधी पत्ता वाच. ते हॉटेल पार्कबाहेर असण्याचीच शक्यता जास्त.

---

उत्तर:

ताईंच्या मताशी मी सहमत आहे, आणि बाहेर आधी, आत नंतर हा त्यांनी सांगितलेला क्रमही बदलू नका. वेस्ट यलोस्टोन ६,६६७ फुटांवर आहे, कॅन्यन त्याहून हजारेक फूट उंच. वयस्क माणसाला आणि लहान मुलांना दोन दिवस खाली मिळाले की वर त्रास कमी होतो. सूनबाई, सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. रात्री जूनमध्येही कडाक्याची थंडी पडते, तेव्हा लोकरीचे कपडे बॅगेत वरच ठेवा.

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. कॅन्यनच्या लॉज इमारती मजल्यांच्या आहेत. खोली मिळाली तर फोन करून तळमजल्याची मागा. पाच जण म्हटल्यावर बहुधा दोन खोल्या घ्याव्या लागतील, त्या शेजारशेजारच्या आहेत ना हेही त्याच फोनवर विचारा. ते जमत नसेल तर लेक लॉजच्या केबिन बघा. बैठ्या आहेत, गाडी जवळ लावता येते, आणि मुख्य इमारतीच्या व्हरांड्यात झुलत्या खुर्च्या आहेत. तुम्ही मुलांना घेऊन फिरायला गेलात तरी आजींना तिथे सरोवर बघत बसता येईल. मोठ्या माणसांना दिवसभर गाडीत चढव-उतरव करून दमवण्यापेक्षा हे किती तरी बरं. फक्त दार उघडताना आधी डोकावून बघायचं, बायसन केबिनच्या आसपास चरत येतात. नियमाप्रमाणे त्यांच्यापासून २५ यार्ड आणि अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड लांब राहायचं. थोरल्याला हे आधीच नीट समजावून सांगा.

आत स्वयंपाकघर नाही आणि खोलीत शिजवता येत नाही. धाकटीला मऊ भाताची सवय असेल तर पहिल्या दोन रात्रींत काय ते करून घ्या, पुढे कॅफेटेरियात मुलांपुरतं मिळतं. खोलीत टीव्ही नाही, एसी नाही, नेट यथातथाच. नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा.

कोणी तंबू सुचवेल. एवढ्या लहान मुलीला घेऊन मी तरी नको म्हणेन. फिशिंग ब्रिजच्या कँपग्राउंडवर तर ग्रिझली अस्वलांमुळे तंबूला परवानगीच नाही, फक्त पक्क्या भिंतींच्या आरव्ही (राहायची सोय असलेल्या गाड्या) चालतात. इतरत्रही खाणं, टूथपेस्टसुद्धा, गाडीत नाहीतर लोखंडी पेटीत बंद ठेवावी लागते. रात्री झोपेने पेंगताना दोन मुलांचं हे सगळं सांभाळायचं म्हणजे कठीणच.

---

उत्तर:

ताई, काका, खूप खूप आभार. काल रात्री नकाशा टेबलावर पसरून बसलो आणि गार्डिनर नवऱ्यानेच खोडलं. वेस्ट यलोस्टोनला दोन रात्रींसाठी घर घेतलंय. आज सकाळी एकेक रात्र शोधली तर कॅन्यनला दोन रात्री मिळाल्या, दोन्ही खोल्या तळमजल्यावर, शेजारशेजारी. तिसरी रात्र अजून नाही. झुलत्या खुर्च्यांचं ऐकल्यापासून सासूबाई लेक लॉजचंच विचारतायत, म्हणून शेवटच्या रात्रीसाठी तिथली केबिन रोज बघतेय.

२९ जूनची लेक लॉजची केबिन कोणी रद्द करणार असाल, तर बटण दाबण्याआधी इथे एक ओळ टाका. मी लगेच बघते.