मदत हवी आहे: ‘यंग गुडमन ब्राउन’चा जंगलातला प्रसंग

अमेरिकन लेखक हॉथॉर्नची ही 1835ची कथा एम.ए.च्या सेमिनारसाठी घेतली आहे. तरुण ब्राउन रात्री जंगलात जातो आणि तिथे सैतानाच्या मेळाव्यात त्याला गावातलीच प्रतिष्ठित माणसं दिसतात. वर्गात सगळ्यांचं एकच म्हणणं: वरून सज्जन दिसणारं अख्खं सेलम गाव आतून पापी, आणि ब्राउनला ते एका रात्रीत कळतं. मला हे पटत नाही.

1692च्या सेलममधल्या चेटुकाच्या खटल्यांत ‘अमकीची छायाकृती येऊन मला छळते’ असली साक्षसुद्धा ग्राह्य धरली गेली. एकोणीस जणांना फाशी झाली. सैतान निरपराध माणसाचंही रूप घेऊ शकतो, हा आक्षेप तेव्हाही घेतला जात होता. लेखकाचे पूर्वज जॉन हॅथॉर्न त्या खटल्यांतले न्यायाधीश! मग ब्राउनने जंगलात पाहिलेली गुडी क्लॉइस, डीकन गुकिन आणि बायको फेथ याही तसल्याच छायाकृती असतील ना? फेथची गुलाबी रिबन रात्री आभाळातून खाली पडते, सकाळी तिच्या डोक्यावर असते. ‘स्वप्न होतं’ म्हणून हे सोडून देणं मला फार सोपं वाटतं.

पण शेवटी ब्राउन नुसत्या दिसलेल्यावरून सगळ्यांना दोषी धरतो, म्हणजे स्वतःच त्या न्यायाधीशांसारखा वागतो, असं म्हणणं ताणलेलं होईल का? हॉथॉर्नचीच ‘द मिनिस्टर्स ब्लॅक व्हेल’ (veil, म्हणजे चेहऱ्यावरचा पडदा) ही कथा सोबत घ्यावी का? या अंगाने कोणी वाचलं असेल तर कृपया सांगा.