मोटर बघून गट पाडायचे, की सगळे ट्रक एकदम सोडायचे?

जांबोटीकर:
गेल्या रविवारी बेळगावच्या शहापूर शिवारात, मसूर काढून मोकळ्या झालेल्या शेतात आपले ११ रिमोटचे ट्रक धावले. अकराही एकदम सोडले. त्यात बारावीतलं एक पोरगं होतं. खोक्यातनं काढलेला टू-व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स, म्हणजे चाकं झाकणाऱ्या मोठ्या बॉडीचा ट्रक, साधी ब्रशची मोटर, टू-एस म्हणजे दोन सेलची लिपो बॅटरी. शेजारी तीन सेलच्या थ्री-एसवरचा ब्रशलेस, म्हणजे बिनब्रशच्या जोरदार मोटरचा फोर-व्हील. पाच मिनिटांत त्या फोर-व्हीलनं पोराला चार राउंड मागं टाकलं. पोरानं गाडी पिशवीत घातली आणि चहा पण न घेता गेलं.

बैलांच्या शर्यतीत आदत वेगळं, दुसा वेगळा. दात बघून मैदानात सोडतात. आपण काय बघतो? वर्गणी भरली काय, तेवढंच.

टू-व्हील, ब्रश मोटर, टू-एस असा एक गट करा. बाकीचे खुल्या गटात. आणि तो खऱ्या गाडीच्या १/८ मापाचा ट्रगी, ट्रक आणि बग्गीची सांगड, १/१० च्या गाड्यांत नको. चारेक किलोचं धूड, गाडी उचलायला गेलेल्याच्या नडगीवर बसलं तर?

काळीमाती:
फोर-व्हील माझीच. नाव घेतलं नाहीस म्हणून कुणाला कळायचं राहिलं नाही.
११ गाड्यांचे दोन गट म्हणजे फार तर ६ आणि ५. पहिल्या उडीत दोन मोडल्या की राहिल्या तीन. त्याला शर्यत म्हणायचं काय? अमेरिकेत रिमोट गाड्यांच्या शर्यतींचे नियम करणाऱ्या रोअर संघटनेनं १७.५ टर्नची, म्हणजे तारेच्या तेवढ्या वेढ्यांची मोटर स्टॉक गटात, १३.५ ची सुपर स्टॉक, त्यावर मॉडिफाइड असं लावून दिलंय. वेढे कमी तेवढी मोटर जोरात फिरते, कबूल. पण तिथं एकेका गटाला गाड्या मोप असतात. इथं चार हीट, म्हणजे फायनलच्या आधीच्या फेऱ्या, भरायच्या तर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडनं गाड्या गोळा कराव्या लागतील.
आणि मी दोनदा उलटलो ते कुणी लिहिलं नाही. भेगाळलेल्या रानात ट्रिगर दाबून धरणाऱ्याला माती सोडत नाही.

उद्यमबाग लेथ:
दोघंही मोटरवर भांडालाय. मला भीती वेगळीच आहे. गट पाडले की कोणीतरी इंटरनेटवरनं अख्खी नियमावली उचलून आणणार आणि त्यात असणार, कंपनीचेच पार्ट पाहिजेत. मग आपली अर्धी मंडळी घरी. पुढच्या चाकाचा आर्म मोडला तर पार्ट बाहेरून मागवा, महिनाभर वाट बघा, वर कस्टम ड्युटी. आर्म ज्यावर हलतो ती हिंज पिन मी सिल्व्हर स्टीलची लेथवर काढून देतो, दहा मिनिटांचं काम. बंपरला पट्टी वाकवून लावतो. यानं गाडी पळत नाही, नुसती टिकते.

म्हणून पार्टला हात लावू नका. मोटर, बॅटरी आणि पिनियन, म्हणजे मोटरवरचं दात्यांचं छोटं चाक, तीनच गोष्टी बघा. पिनियन मोठा बसवला की गाडी जास्त पळते. पिनियनचे दात मोजायला कुणाची परवानगी लागत नाही. बॅटरीला मल्टीमीटर लावा: टू-एस पूर्ण भरली की ८.४ व्होल्ट, थ्री-एस १२.६. लपवणार कुठं? ब्रश मोटर तर डोळ्यांना दिसते, दोनच वायरी.

आणि बॉडीला मागं भोकं पाडली म्हणून कुणाला बाद करू नका. उडीत त्या मोठ्या बॉडीखाली हवा भरते आणि ट्रक छत्रीसारखा उचलतो, म्हणून पाडतात.

निपाणीचा गडी:
गाडी कशाला मोजायची? हात मोजा. आधी पाच-पाच मिनिटांच्या दोन हीट, प्रत्येकाची चांगली वेळ धरायची. वरचे सहा ए फायनलला, बाकी बी ला. बी जिंकणारा ए मध्ये शेवटून उभा राहतो. वही आणि मोबाइलवरचं घड्याळ पुरे. ज्यांची हीट झाली त्यांनी पुढच्या हीटला वळणावर उभं राहून उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या. गेल्या वेळी ते काम कुणीच केलं नाही, सगळे भेळीच्या गाडीवर.

जांबोटीकर:
@निपाणीचा गडी, तुझी पद्धत चांगली आहे, पण त्या पोराचा हात कितीही चांगला असू दे, त्या मोटरवर ते बी च्या वर जाणार नाही. हात मोजतोय म्हणायचं आणि पाकीट मोजायचं. ट्रॅक्सस कंपनीनं २००८ मध्ये स्लॅश नावाचा शॉर्ट कोर्स ट्रक काढला, तेव्हा तिकडं अमेरिकेत कितीतरी ठिकाणी त्या एकाच ट्रकचा वेगळा गट झाला. सगळ्यांकडं तीच गाडी, मग फरक राहिला हाताचा. त्याची चाकं बंपरच्या आत असतात, त्यामुळं धडकाधडकी झाली तरी एकमेकांत अडकत नाहीत. नवख्याला यापेक्षा बरं काय?

काळीमाती:
म्हणजे माझ्यासारख्यानं २५ हजार घालून चूक केली.

जांबोटीकर:
चूक नाही गा. खुल्या गटात ये की.

काळीमाती:
खुल्या गटात आम्ही चौघं. त्यातला एक तो ट्रगीवाला, त्याला तू आधीच काढलास. तिघांत कप काय द्यायचा, पहिला, दुसरा आणि शेवटला?

उद्यमबाग लेथ:
मग दोन्ही गट एकदम सोडा, निकाल वेगळा लिहा. ब्रशवाल्यांच्या बॉडीवर पिवळी टेप. राउंड मोजणाऱ्याला दिसलं म्हणजे झालं.

निपाणीचा गडी:
आणि मागनं फोर-व्हील आली तर टेपवाल्यानं बाजू द्यायची?

जांबोटीकर:
द्यायची. पण मागनं येणाऱ्यानं वाट बघायची, ठोकून जायचं नाही.

काळीमाती:
ठोकलं कोणी? ते पोरगं आडवं आलं. आडवं येणार नसेल तर टेपचं चालेल मला. एक रविवार बघू.

निपाणीचा गडी:
आम्ही तीन गाड्या आणतो. एक ब्रशचीच, पण पिनियन मोठा बसवलाय. कुठल्या गटात?

उद्यमबाग लेथ:
जुना पिनियन खिशात घालून ये. बदलून देतो.