‘जाब’, ‘जबाबदार’, ‘उत्तरदायी’: केंद्राच्या खात्याला विचारणारे शब्द

विचारणा

संसद आणि केंद्र सरकारची खाती यांच्यातल्या नात्याबद्दल विद्यार्थ्यांसाठी एक टिपण लिहिते आहे. ‘प्रत्येक खातं संसदेला जबाबदार असतं’ असं लिहावं, की ‘उत्तरदायी असतं’? बऱ्याच ठिकाणी ‘जबाबदार आणि उत्तरदायी’ अशी जोडीच दिसते. या दोन शब्दांत काही फरक आहे का? शिवाय बातम्यांमधलं ‘धारेवर धरलं’, ‘झाडाझडती घेतली’, ‘जाब विचारला’ हे सगळं एकच समजायचं का?

प्रतिसाद

घडणीनं पाहिलं तर दोन्ही शब्द एकच सांगतात. ‘जबाब’ म्हणजे अरबीतला ‘जवाब’, उत्तर. त्याला फारसी ‘दार’ लागला. ‘उत्तरदायी’ हा संस्कृत वळणाचा, अर्थ तोच. म्हणून नुसती जोडी लिहिली की एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखं होतं.

वापरात मात्र फरक पडला आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. ‘जबाबदार’ला मराठीत दोष चिकटतो (‘अपघाताला कोण जबाबदार?’), गुणही चिकटतो (‘मुलगी जबाबदार आहे’). ‘उत्तरदायी’ला यातलं काही चिकटलेलं नाही. विचारलं तर सांगणं भाग आहे, एवढंच तो म्हणतो.

खरी अडचण ‘-ला’ या प्रत्ययात आहे. ‘मंत्री गैरव्यवहाराला जबाबदार’ आणि ‘मंत्री लोकसभेला जबाबदार’, प्रत्यय एकच, नाती दोन. पहिल्यात मंत्र्यानं काहीतरी केलेलं असतं. दुसऱ्यात त्यानं स्वतः काही केलेलं नसलं तरी उत्तर त्यालाच द्यायचं असतं. मुंदडा प्रकरणात नेमकी हीच गाठ पडली. आयुर्विमा महामंडळानं १९५७ मध्ये हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत तो विषय लावून धरला. सत्ताधारी पक्षाचे खासदार असूनही त्यांनी तो सोडला नाही, याचं मला आजही अप्रूप वाटतं. न्या. छागला यांच्या एकसदस्य आयोगापुढे अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारींची भूमिका अशी होती, की हा व्यवहार त्यांच्या संमतीनं झालेला नव्हता. छागलांनी सांगितलं, की खात्याच्या सचिवानं केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णमाचारींनी राजीनामा दिला.

आता तुमच्या वाक्याबद्दल. शब्द कोणताही घ्या, कर्ता चुकला आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५(३) प्रमाणे जबाबदार असतं ते मंत्रिमंडळ, तेही सामूहिकरीत्या आणि लोकसभेला. राज्यसभा प्रश्न विचारू शकते, चर्चा करू शकते, समित्यांमध्ये बसते, पण अविश्वास ठराव तिच्याकडे नाही. खातं सभागृहापुढे येतं ते मंत्र्याच्या तोंडून. म्हणून मी असं लिहीन: ‘मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं आणि आपापल्या खात्याच्या कारभाराबद्दल मंत्री दोन्ही सभागृहांत उत्तरदायी असतात.’

पुढची विचारणा

हे पटलं. ‘खातं’ हा शब्द चालेल ना? की ‘मंत्रालय’ किंवा ‘विभाग’?

प्रतिसाद

बोलण्यात ‘खातं’ उत्तम. ‘खातेवाटप’ तर याच शब्दावर उभं आहे, आणि हिशेबाच्या वहीतलं खातंही तेच, त्यामुळे विचारपूस त्याच्या अर्थातच आहे असं मला वाटतं. टिपणात मात्र फरक करा. केंद्रात मंत्रालयाच्या पोटात विभाग असतात. अर्थ मंत्रालयात महसूल विभाग, खर्च विभाग असे अनेक, आणि साधारणपणे प्रत्येकाला सचिव. कोणता विषय कोणाकडे हे १९६१ च्या कार्यवाटप नियमांत ठरलेलं आहे. प्रश्न चुकीच्या मंत्रालयाकडे गेला तर तो दुसरीकडे पाठवला जातो, आणि खासदाराचा मोलाचा वेळ त्यात जातो. लोकसभेत प्रश्नांसाठी मंत्रालयांचे पाच गट केलेले असतात, एकेका गटाला आठवड्यातला एकेक वार.

दुसऱ्या एकाचा प्रतिसाद

‘जाब’, ‘धारेवर’, ‘झाडाझडती’ राहिलंच. मी हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरत नाही.

‘जाब विचारणं’ हा मला सर्वांत नेमका वाटतो. जाब म्हणजे जबाबच, पण ज्याला हक्क आहे त्यानं विचारलेला. त्याची ठरलेली जागा प्रश्नोत्तराचा तास. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात, त्यांची उत्तरं मंत्री तोंडी देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित २३० पर्यंत, उत्तर लेखी, उपप्रश्न नाही. उपप्रश्नातच खरा जाब आहे, कारण पहिलं उत्तर खात्यानं तयार करून दिलेलं असतं. दुसऱ्या प्रश्नाला मंत्र्याला विषय माहीत असावा लागतो. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास ठेवला नव्हता, लेखी उत्तरं मात्र चालू होती. ‘उत्तरं तर मिळत होती’ असं तेव्हा काहींनी म्हटलं. उत्तर मिळणं आणि जाब मिळणं यातलं अंतर ज्यांना कळतं, त्यांना ते पटणार नाही. मलाही पटलं नाही.

‘धारेवर धरणं’ हे वागण्याचं वर्णन आहे. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे सार्वजनिक विषय मांडण्याच्या वेळेत, खासदार मंत्र्याला धारेवर धरू शकतो. पण शून्य प्रहर नियमावलीत नाही, प्रथेनं आलेला आहे, आणि तिथे मंत्र्यानं लगेच उत्तर द्यावं असं बंधन नसतं. धारेवर धरलं, उत्तर आलं नाही, असं होऊ शकतं.

‘झाडाझडती’ मी समित्यांसाठी राखून ठेवीन, तेही जपून. १९९३ मध्ये विभागांशी संबंधित १७ स्थायी समित्या झाल्या, २००४ पासून त्या २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य: लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. समितीपुढे साक्षीला सचिव येतात, कागदपत्रं मागवली जातात, खर्चाच्या मागण्या तपासल्या जातात. इथे पक्षाचा आवाज खाली येतो आणि विषय वर येतो. पण बैठक बंद दाराआड असते. त्यामुळे ‘समितीनं सचिवांची झाडाझडती घेतली’ ही बातमी बहुधा ऐकीव. अहवाल सभागृहात सादर होईपर्यंत समितीचं म्हणणं अधिकृतपणे बाहेर आलेलं नसतं.

विचारणा (आणखी एकाची)

‘कपात सूचना’ म्हणजे खात्याचा पैसा खरोखर कापणं का?

प्रतिसाद

मांडण्यापुरतं हो. अनुदानाची मागणी, म्हणजे खात्याच्या वर्षाच्या खर्चाला मंजुरी मागणारा प्रस्ताव, फक्त लोकसभेच्या मतदानाला येते, आणि तिच्यावर तीन तऱ्हेची कपात सुचवता येते. धोरण कपातीत मागणी १ रुपयावर आणा म्हणायचं, म्हणजे धोरणच मान्य नाही. काटकसर कपातीत ठरावीक रक्कम कमी करा म्हणायचं. प्रतीकात्मक कपात १०० रुपयांची, एखादं गाऱ्हाणं वेशीवर टांगण्यासाठी. सरकारकडे बहुमत असताना ती मंजूर होणं जवळजवळ अशक्य, पण त्या निमित्तानं खात्यावर चर्चा होते.

चर्चा झाली तर. ठरलेली मुदत संपली की उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मतदानाला टाकतात, त्याला मराठीतही ‘गिलोटिन’च म्हणतात. २०१८ आणि २०२३ मध्ये लोकसभेत एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा झाली नाही. लाखो कोटींचा खर्च एका शब्दाखाली निघून जातो, हे मला फार गंभीर वाटतं.

प्रतिसाद (पहिल्या उत्तरकर्त्याचा)

या सगळ्यात ज्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते तो शब्द ‘आश्वासन’. रोजच्या बोलण्यात तो जवळपास निकामी झालाय. ‘आश्वासन दिलं’ म्हटलं की ऐकणारा पुढचं विचारतच नाही. संसदेत मात्र त्याला पक्का अर्थ आहे. मंत्री सभागृहात ‘हा विषय विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’, ‘माहिती गोळा केली जात असून ती पटलावर ठेवली जाईल’ असं बोलला, की ते आश्वासन धरलं जातं. कोणत्या प्रकारची वाक्यं आश्वासन मानायची, याची यादीच आहे. संसदीय कार्य मंत्रालय कामकाजातून अशी वाक्यं वेचून काढतं आणि संबंधित मंत्रालयाला कळवतं. पूर्ततेला साधारण तीन महिने. त्यावर लक्ष ठेवायला लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून आहे.

म्हणजे जे वाक्य आपण टोलवाटोलवी समजतो, तेच इथे नोंदलं जातं. ‘विचाराधीन आहे’ हे ऐकून खासदार खट्टू होऊन खाली बसतो, पण त्याच क्षणी खात्याच्या नावावर एक बाकी चढलेली असते. म्हणूनच तरबेज अधिकारी उत्तराचा मसुदा करताना भविष्यकाळ टाळतात. ‘करण्यात येईल’ ऐवजी ‘करणे ही निरंतर प्रक्रिया आहे’ लिहिलं की आश्वासन होत नाही. टिपणात विद्यार्थ्यांना ही दोन वाक्यं शेजारी ठेवून दाखवा. क्रियापदाचा काळ बदलला की उत्तराचं ओझं कसं बदलतं, हे त्यांना लगेच कळेल.

विचारणा

आणि तीन महिन्यांत झालं नाही तर?

प्रतिसाद

मंत्रालय मुदतवाढ मागतं. मुदतवाढीवर मुदतवाढ घेत आश्वासनं वर्षानुवर्षं पडून राहतात, आणि समिती आपल्या अहवालांत त्याबद्दल स्पष्ट नापसंती नोंदवते, सचिवांना बोलावते. नाहीतर मंत्रालय आश्वासन वगळण्याची विनंती करतं. कारण पटलं तर समिती वगळते, नाहीतर नाही म्हणते. म्हणून यादीतून गेलेलं प्रत्येक आश्वासन पाळलेलं असतं असं नाही. ‘पूर्तता झाली’ आणि ‘वगळलं’ हे दोन वेगळे शेरे आहेत. बातमीत दोन्हींना मिळून ‘निकाली काढली’ लिहितात, ते कृपया तुमच्या टिपणात लिहू नका.