नाशिक–पुणे सांघिक सामना: प्रायोजकाचे पैसे कुठे घ्यायचे, कुठे थांबायचं?

सातपूर_स्लाइस
नमस्कार मंडळी. नाशिक आणि पुण्याच्या हौशी गोल्फरांचा दोन दिवसांचा सामना रायडर कपच्या (युरोप विरुद्ध अमेरिका या सांघिक गोल्फ स्पर्धेच्या) धर्तीवर घ्यायचं ठरतंय. डिसेंबर, दोन्हीकडे आठ-आठ जण, हँडिकॅपवर, म्हणजे कौशल्यानुसार फटक्यांची सवलत देऊन. पहिल्या दिवशी सकाळी चार फोरसम्स (जोडीत एकच चेंडू, आळीपाळीने फटके), दुपारी चार फोरबॉल (जोडीत प्रत्येकाचा आपला चेंडू), दुसऱ्या दिवशी आठ सिंगल्स (एकास एक). म्हणजे १६ गुण, जिंकायला साडेआठ.

एक बांधकाम व्यावसायिक आणि एक वाइनरी खर्च उचलायला तयार आहेत. त्यांच्या मागण्या: करंडकाला बिल्डरच्या कंपनीचं नाव, जिंकणाऱ्या संघाला दोन लाख रोख, होल-इन-वनला (पहिल्याच फटक्यात चेंडू थेट होलमध्ये) दहा लाखांची गाडी, आणि बाहेरच्या प्रेक्षकांना तिकीट. समितीत दोन तट पडलेत. मोठ्या स्पर्धांमध्ये हे कसं चालतं आणि आपण काय मान्य करावं?

चौथा_होल
दादा, रोख रकमेचा प्रश्न नियमानेच सुटतो. २०२२ पासूनच्या हौशी दर्जाच्या नियमांत बक्षिसाची मर्यादा माणशी १,००० डॉलर किंवा ७०० पौंड आहे. दोन लाखांचे आठ वाटे केले की २५ हजार येतात, म्हणून लोकांना वाटतं आपण मर्यादेत आहोत. पण हौशी खेळाडूला रोख बक्षीस फक्त स्क्रॅच (हँडिकॅपची सवलत नसलेल्या) स्पर्धेत घेता येतं. तुमचा सामना हँडिकॅपवर आहे, तेव्हा एक रुपयाही रोख चालणार नाही. ज्याने घेतला त्याचा हौशी दर्जा जाईल आणि तो परत मिळवायला अर्ज करावा लागेल. वस्तू किंवा व्हाउचर द्या, तेही मर्यादेत. प्रवास, राहणं, जेवण यांचा खर्च दिला तर हरकत नाही, प्रायोजकाला तिकडे वळवा.

गाडीचं वेगळं आहे. फटका किमान ५० यार्डांचा असेल तर होल-इन-वनच्या बक्षिसाला ती मर्यादा लागू नाही. मात्र विमा काढल्याशिवाय गाडी मैदानावर उभी करू नका. हिशोब पाहा: फोरबॉलमध्ये गाडीच्या होलवर १६ टी-शॉट (होलचा पहिला फटका), सिंगल्समध्ये १६, फोरसम्समध्ये जोडीला एकच चेंडू म्हणून ८. एकूण ४०. हौशी खेळाडूची शक्यता साधारण साडेबारा हजारांत एक धरतात, म्हणजे तुमच्याकडे गाडी जाण्याची शक्यता तीनशेत एकच्या आसपास. दहा लाखांच्या गाडीवर निव्वळ जोखीम तीन-सव्वातीन हजारांची. हप्ता अर्थातच त्याहून बराच जास्त येईल, पण भाव करताना हा आकडा हाताशी असू द्या.

दावा बुडतो तो बहुधा टीमुळे, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेमुळे. पॉलिसीत होलची किमान लांबी लिहिलेली असते. सकाळी माळी टी-मार्कर दहा यार्ड पुढे सरकवतो, कोणी मोजत नाही आणि विमा कंपनी हात वर करते. लांबी रेंजफाइंडरने मोजून, फोटो काढून ठेवा. त्या टीवर खेळाडूंपैकी नसलेले दोन साक्षीदार दिवसभर बसवा. आणि गाडीसाठी पार-३ (तीन फटक्यांचा छोटा होल) पहिल्या नऊमधला निवडा, कारण मॅचप्ले (होल-दर-होल जिंकायचा सामना) कधी कधी चौदाव्या-पंधराव्या होलवरच संपतो आणि मागचे होल खेळलेच जात नाहीत. अशा बक्षिसावरचा कर चावी देण्याआधी भरावा लागतो, तो कोण भरणार हे सीएला विचारून करारात लिहून घ्या.

दुसरा_पुट
मोठ्या स्पर्धांबद्दल. रायडर कपमध्ये पैसा पहिल्यापासून आहे. करंडक देणारा सॅम्युएल रायडर स्वतः बियाण्यांची पाकिटं विकून श्रीमंत झालेला व्यापारी, पहिला सामना १९२७ चा. पण खेळाडूंना बक्षिसाची रक्कम नाही, हे सूत्र टिकलं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रूकलाइनच्या सामन्याआधी अमेरिकन खेळाडूंनी विचारलं की उत्पन्न एवढं मोठं, ते जातं कुठे? त्यातून प्रत्येकाच्या नावे दोन लाख डॉलर देणगीसाठी द्यायची पद्धत आली. २०२५ ला न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजमधल्या रायडर कपला ती रक्कम पाच लाख झाली: तीन लाख देणगीला, दोन लाख खेळाडूच्या हातात. युरोपच्या खेळाडूंनी काही घेतलं नाही आणि १५–१३ ने जिंकले. पैसे घेतल्याने अमेरिका हरली असं मी म्हणणार नाही. पण खेळासोबत मानधनाचीही बरीच चर्चा झाली, हे नुकसान खरं आहे.

आता तुमच्या करंडकाचं नाव. सोलहाइम कपला (महिलांचा रायडर कप) गोल्फचं साहित्य बनवणाऱ्या पिंग कंपनीच्या संस्थापकाच्या घराण्याचं नाव आहे. १९९० पासून चालू आहे, कोणाला खटकत नाही, कारण ते नाव दर वर्षी लिलावात निघत नाही. उलट युरोप विरुद्ध आशियाचा युरेशिया कप बघा: २०१४, २०१६, २०१८ आणि बंद. आपला गोल्फर अनिर्बन लाहिरी त्यात खेळला होता. एका मोठ्या प्रायोजकावर उभी असलेली स्पर्धा तो हलला की कोसळते. म्हणून करंडकाला गावाचं किंवा नदीचं नाव द्या, बिल्डरचं नाव 'प्रायोजक' म्हणून तीन वर्षांच्या करारावर. नाहीतर पुढच्या वर्षी नवा प्रायोजक, नवं नाव, नवा करंडक.

फेअरवे_४२२
मानधनाबद्दल माझं मत वेगळं आहे. ज्या स्पर्धेचे हक्क कोट्यवधींना विकले जातात तिथे खेळणाऱ्यानेच फुकट खेळावं हा आग्रह मला पटत नाही. लिव्ह या व्यावसायिक गोल्फ लीगने २०२२ मध्ये सांघिक गोल्फला उघड पैसा लावला, एका स्पर्धेला अडीच कोटी डॉलर, त्यातले ५० लाख संघांसाठी. लाहिरी तिथेही आहे. तिथे देशासाठी खेळण्याची ओढ नाही हे मान्य, पण कोणाला किती मिळतं हे लपलेलं नाही.

तुमच्या सामन्यासाठी महत्त्वाचं वेळापत्रक. डिसेंबरात नाशिकला जेमतेम अकरा तास उजेड. सव्वासातला पहिली फोरसम, बारा मिनिटांचं अंतर, चौथी जोडी ७:५१ ला. चार तास धरले तर बारा वाजतात. साडेबाराला फोरबॉल सुरू केलं तर शेवटचा गट १:०६ ला निघतो, आणि फोरबॉलला पाच तास. सहाला संपेल, तोवर सूर्य मावळलेला. दुपारच्या जेवणात प्रायोजकाचं भाषण, बॅनरसमोर फोटो आणि सत्कार यांत अर्धा तास गेला की शेवटचा सामना अंधारात अडकला. पहिल्या आणि दहाव्या अशा दोन टीवरून सोडलंत तर पाऊण तास वाचत नाही, पण २४ मिनिटं वाचतात. भाषणं रविवारी संध्याकाळी ठेवा आणि हे करारातच घाला.

सातपूर_स्लाइस
खूप उपयोगी. रोख रद्द, नाव बदललं. तिकीट आणि वाइनरीचं काय करावं?

दुसरा_पुट
तिकीट नको. बेथपेजला सामन्याच्या दिवसाचं तिकीट ७५० डॉलर होतं, खाणं धरून. एरवी ते सरकारी उद्यानातलं, सर्वांना खुलं मैदान. तिथे युरोपच्या मॅकिलरॉयला इतकी शिवीगाळ झाली की बंदोबस्त वाढवावा लागला. एवढे मोजल्यावर काहींना वाटतं आपण काहीही बोलू शकतो. तुमच्याकडे शंभर-दीडशे माणसं येतील, त्यांच्या तिकिटातून प्रेक्षकांना अडवायच्या दोरखंडाचाही खर्च निघणार नाही. गाड्यांची सोय मात्र आधी करा. २०२४ च्या सोलहाइम कपला पहिल्या सकाळी बस कमी पडल्या आणि तिकीट काढलेले हजारो लोक वाहनतळावरच ताटकळले, पहिल्या टीजवळच्या खुर्च्या रिकाम्या. सिंहस्थात बाहेरच्या वाहनतळावरून बस धावतात तसं आपल्याला माहीत आहेच, इथे दोन मिनीबस पुरतील, पण पहिली फेरी साडेसहाची हवी.

पैसा कुठे जावा याचं मला पटलेलं उदाहरण फ्रान्सचं. २०१८ चा रायडर कप मिळवण्यासाठी त्यांच्या महासंघाने प्रत्येक नोंदणीकृत गोल्फरकडून वर्षाला तीन युरो घेतले, आणि सोबत शहरांजवळ शंभर छोटी मैदानं उभारायचं वचन दिलं. आपल्याकडे नाशिकात गोल्फ क्लब मैदान म्हटलं की गोल्फ नव्हे, रणजीचे क्रिकेट सामने डोळ्यासमोर येतात. बिल्डरच्या दोन लाखांतून सात-आठ मुलांसाठी गोल्फच्या काठ्यांचे अर्धे सेट, जाळी आणि एका प्रशिक्षकाचं वर्षभराचं मानधन यातलं बरंच काही बसेल. हे त्यांना लेखी प्रस्ताव म्हणून द्या.

चौथा_होल
वाइनरीबद्दल: वाइन द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा त्या दिवसाचा परवाना काढा, आणि ती रविवारी बक्षीस समारंभानंतरच. टी-बॉक्सवर, मुलांच्या टोप्यांवर त्यांचा लोगो नको. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यांनी विचारलं तर सरळ नाही म्हणा, २०२५ च्या कायद्याने त्यांच्या जाहिरातीवरच बंदी आहे. प्रायोजकत्वावर १८% जीएसटी लागतो. तो क्लबने भरायचा की कंपनीने, हे क्लबची नोंदणी कशी आहे यावर ठरतं, तेव्हा आकडा ठरवताना 'जीएसटी वेगळा' हे लिहून घ्या.

आणि सिंगल्ससाठी एक पाकीट ठेवा. दोन्ही कर्णधारांनी आपल्या एकेका खेळाडूचं नाव आधीच बंद करून द्यायचं. समोरचा कोणी दुखापतीने बाहेर पडला तर पाकिटातला बाहेर बसतो आणि अर्धा-अर्धा गुण वाटला जातो. बेथपेजला युरोपच्या हॉवलँडची मान दुखावली तेव्हा हेच झालं. हा नियम शुक्रवारी रात्रीच दोघांच्या सहीने घ्या.